गुळगुळीत गालांची बाई

माझा धंदा माणसांना देखणं करण्याचा होता. पावडर-कुंकवाशी माझा काही संबंध नव्हता. माणूस खुर्चीवरून उठून घरी गेला की माझं काम सुरू व्हायचं. लोणावळ्याच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आमचे हे काढायचे आणि मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी बसून मी रिटचिंग करायची. माहेरी असताना चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर सासऱ्यांनी मला सून करून घेतलं, असं आमचे हे चारचौघांत सांगत. त्यात तथ्य असावं, कारण स्वयंपाकाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आजच्या मुलांना रिटचिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे काचेच्या प्लेटवर फोटो निघायचा. प्लेट धुतली की तिच्यावर माणूस उलटा दिसतो. केस पांढरे, दात काळे, डोळ्यांच्या जागी दोन फिकट भोकं. ही प्लेट उतरत्या डेस्कवरच्या दुधी काचेवर ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर घ्यायचा आणि भिंग लावून बसायचं. चेहऱ्यावर सुरकुती असेल, खड्डा असेल, तर त्याची सावली प्लेटवर पारदर्शक दिसते. तिथं राळ आणि टर्पेंटाइनचा हात फिरवून, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं ती जागा भरून काढायची. कुठे नको ती चकाकी असेल तर ती प्लेटवर काळी दिसते. ती बारीक सुरीनं खरवडायची. पेन्सिल पुसता येते, सुरी पुसता येत नाही, हे सासऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

अख्खा दिवस असे उलटे चेहरे बघत बसायचं म्हणजे काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. संध्याकाळी बाजारात गेले की भाजीवालीच्या तोंडातले दात मला क्षणभर काळे दिसत. श्रावणात खिडकीतून धुकं आत यायचं, दुधी काच आणि धुकं एकच होऊन जायचं, आणि भिंगाखालचा माणूस कशावर टेकलाय तेच कळायचं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, "चष्मा बदल."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मुंबईहून हवा खायला आलेली जोडपी चिक्की घेऊन झाली की फोटो काढायला यायची. त्यांच्या बायका पावडरचे थर देऊन बसत. पावडर फोटोत राखेसारखी दिसते, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? ती राख मी पेन्सिलीनं पुन्हा कातडीची करायची. म्हणजे आधी बाईनं तिचा चेहरा झाकायचा आणि मग मी झाकलेल्यावर खोटा चेहरा उघडा करायचा! खरं सांगायचं तर उघड्या चेहऱ्याची गंमत वेगळी. रंग लावलेला चेहरा उजेड तसाच परत फेकतो. उघडा चेहरा थोडा उजेड आत ठेवून घेतो. चित्र काढणाऱ्याला ते लगेच कळतं, पण पैसे चित्र काढणारा देत नाही.

"गिऱ्हाईक आरशात बघूनच घरून निघालेलं असतं," आमचे हे म्हणत. "त्याला आपल्याकडून आणखी एक आरसा नको असतो."

गावाकडून यायची ती कामं निराळी. परंदवडीच्या एका मुलानं वडिलांचा फोटो आणला होता, तोही ते गेल्यानंतर बसवून काढलेला. डोळे मिटलेले. मावळात तेव्हा असे फोटो पुष्कळ यायचे, कारण जिवंतपणी फोटोला बसायची सवड कुणाला होती? "डोळं उघडा तेवढं," असं सांगून माणसं निवांत परत जायची. मी त्या म्हाताऱ्याला मुलाच्याच फोटोवरून डोळे काढले. हुबेहूब जमले. पंधरवड्यानं मुलगा फोटो घेऊन परत आला आणि म्हणाला, "वैनी, मिटून टाका. आबा माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघत्यात. जेवण जात न्हाई." मी मिटून दिले. ह्यांनी दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

पण मी लिहायला बसले ते सगुणाबद्दल.

सगुणाला तिचे वडील घेऊन आले होते. मळवलीच्या पलीकडे डोंगराच्या पोटात त्यांची वाडी. भाताची दोन खाचरं आणि बाकी मजुरी. सगुणासाठी बघितलेला मुलगा रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता आणि मुलाच्या मामानं आधी फोटो मागितला होता. वाडीत हे नवीनच होतं. सगुणाच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, जीव वाचला आणि खड्डे राहिले. कपाळापासून हनुवटीपर्यंत. डाव्या गालावर तर बोट ठेवायला सपाट जागा नव्हती.

मी तिला खुर्चीवर बसवून पदर नीट करत होते. डाव्या हाताच्या खिडकीतून उजेड येत होता, आणि मला तो चेहरा सोडवेना. प्रत्येक वणात थोडी सावली साठली होती, कडेला बारीक चमक होती, आणि त्या सगळ्यातून दोन डोळे शांतपणे बघत होते. इतक्या पोरी मी बघितल्या, पण चेहऱ्यावर उजेड असा थांबलेला बघितला नव्हता. मला तिचं चित्र काढावंसं वाटलं. मी हे बोलले असते तर तिच्या वडिलांना वाटलं असतं की मी चेष्टा करतेय.

"वण तेवढं काडा, वैनी," ते म्हणाले. "बाकी पोर चांगली हाय."

काढले. सावल्या पेन्सिलीनं भरल्या आणि डाव्या गालावरच्या चकाकीला सुरी लावली. माझ्या हातचं ते सगळ्यात सफाईदार काम असेल. त्याची मला तेव्हा लाज नव्हती, आजही नाही. त्या पोरीचं लग्न व्हायला हवं होतं.

फोटो न्यायला सगुणा बापाबरोबर आली. बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिनं फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं आणि तेच बोट आपल्या गालावरून.

"लगीन हिच्यासंगं लावत्यात का माझ्यासंगं?" तिनं मला विचारलं आणि फिसकन हसली. मीही हसले. तिचा बाप नाही हसला.

लग्न झालं. मुलगा सरळ होता, त्यानं पोरीला समोर बघून होकार दिला होता म्हणे. फोटोची गरजच नव्हती. पुढे पाच-सहा वर्षं मी सगुणाला विसरून गेले.

मग एका भाद्रपदात तिची आई, पारूबाई, स्टुडिओत आली. वडील वारले होते. पारूबाई आता मळवलीला एका मुंबईकराचा बंगला राखत होती आणि मागच्या आउटहाउसात राहत होती. पदराखालून तिनं तसबीर काढली. माझंच काम. काचेवर वाळलेला हार तसाच होता.

"सगुना गेली, वैनी," ती म्हणाली. "आदल्या पावसात. कावीळ झालती."

सगुणाची मुलगी सुली आजीजवळ होती. चार-पाच वर्षांची. बाप गँगवर, कधीमधी येऊन जायचा. घरात आईचा एवढा एकच फोटो, तो भिंतीवर लावला, आणि त्या दिवसापासून सुली त्या खोलीत झोपेना.

"म्हनती, ती बाई कोन? म्या म्हनलं, तुजी आई. तर म्हनती, न्हाई. आईला ठिपकं व्हतं. ही बाई आईचं लुगडं नेसून बसलीया."

हे ऐकून माझ्या हातातली पेन्सिल खाली ठेवली गेली.

सगुणा असताना पोर तिच्या गालावर बोटं ठेवून झोपायची, एकेका वणावर बोट फिरवत. आता ती मागच्या पडवीत जाऊन पाट्याजवळ झोपत होती. मसाला वाटायचा दगडी पाटा. टाकी लावून घेतलेला, बारीक खड्ड्यांचा. त्याच्यावर हात ठेवून, कधी गाल ठेवून. जेवण सुटत चाललं होतं. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. वाडीतल्या भगतानं सांगितलं होतं की फोटोतली बाई परकी आहे, तीच पोरीला ओढून नेतेय. फोटो जाळायचा.

"जाळाया चूल पेटवली बी व्हती," पारूबाई म्हणाली. "पन हात हुईना. एकदा जाळली की लेकीला. दुसऱ्यांदा कशी जाळू? आनि न्हाई जाळली तर ही बी जाईल. तुमी सांगा, वैनी. तुमीच केलीया न्हवं ही?"

प्लेट मिळेल का, एवढाच माझ्या डोक्यात प्रश्न होता. लोणावळ्याच्या दमट हवेत प्लेटांना बुरशी धरते. आम्ही त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, शेगडी ठेवलेल्या खोलीत खोक्यांमधून ठेवत असू. सापडली. कडेला थोडी बुरशी होती, चेहरा शाबूत होता. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी डेस्कवर बसले आणि हलक्या हातानं माझी पेन्सिल पुसायला लागले. भिंगाखाली एकेक वण उघडत गेला. सहा वर्षं झाकून ठेवलेलं ते सगळं तिथंच होतं, कुठंही गेलेलं नव्हतं.

छाप काढायला मी डार्करूममध्ये गेले तर पारूबाई दारात. "मी बी येती. मला बगू द्या." आमच्या डार्करूममध्ये ह्यांच्याशिवाय कुणाला येऊ देत नसू. पण तिला नाही म्हणवेना.

लाल दिवा लावला. प्लेटखाली धरून उजेड दाखवलेला, पण अजून कोराच दिसणारा कागद रसायनाच्या ताटलीत सोडला. आता इथली एक गोष्ट सांगते. फोटो वर येताना चेहरा आधी येत नाही. जे सगळ्यात काळं ते आधी उमटतं. बुबुळं, केसांची रेघ आणि खोल सावल्या. त्या दिवशी पांढऱ्या कागदावर आधी दोन डोळे आले. आणि त्यांच्या भोवती, अजून चेहरा नसलेल्या जागेवर, ठिपके उगवायला लागले. एक इथे, एक तिथे, मग भराभर.

पारूबाई मागे सरकून भिंतीला टेकली. तिनं हात जोडले होते.

"आली," ती पुटपुटली. "आई, आली गं. अशीच उगावली व्हतीस." आणि मग मला, दबक्या आवाजात, "वैनी, लिंबाचा पाला हाय का घरात? बोलू नगासा मोट्यानं. तिला ताप हाय."

देवी आलेल्या घरात कडुलिंब बांधतात, मोठ्यानं बोलत नाहीत. ती बाई वीस वर्षं मागे जाऊन लेकीच्या अंथरुणाशी बसली होती, आणि मीही तिच्याबरोबर गेले होते, कारण त्या ताटलीतून मला ऊब आल्यासारखी वाटली. मी खरंच हात मागे घेतला. रसायन थंडगार असतं, हे मी इतकी वर्षं रोज अनुभवत होते. मग हळूहळू ठिपक्यांभोवती कपाळ आलं, नाक आलं, ओठ आले, आणि ती पोर, सगुणा, पाण्यातून आमच्याकडे बघायला लागली. मी जेव्हा तिला विसरले होते तेव्हाही ती त्या खोक्यात अशीच बघत होती, हे मनात आलं आणि मला तिथं थांबवेना.

कागद धुऊन उजेडात आणला. पारूबाईनं बघितला आणि मान हलवली.

"ह्यो गाल मेल्यालाच हाय."

बरोबर होतं. डावा गाल. तिथं मी सुरी लावली होती. खरवडलेलं परत येत नाही. तीन हिस्से चेहरा सगुणाचा होता आणि एक हिस्सा त्या दुसरीचा. नुसत्या गुळगुळीत फोटोपेक्षाही हे बघायला वाईट होतं.

"कुठे कुठे होते, आठवतं का तुम्हाला?" मी विचारलं. मला वाटलं, ती कागदावर बोट ठेवून दाखवेल. तिनं डोळे मिटले, आणि हात पुढे करून सरळ माझ्या तोंडावर ठेवला.

"हितं येक," ती म्हणाली. "मोटा. न्हाताना ह्याच्यात तेल साचायचं. ह्याच्याखाली दोन, जोडीनं. हितं कानाकडं बारीक बारीक, मोजू नगा. हितं ओठाच्या कोपऱ्याला, हसली की मिटायचा."

भात लावून, भांडी घासून तिची बोटं खरबरीत झाली होती. माझ्या गालावर ती जिथे जिथे दाबत होती तिथे तिथे मी कुंचल्यानं कागदावर ठिपका देत होते, कडेला किंचित उजेड सोडत होते. तिचे डोळे शेवटपर्यंत मिटलेले होते. तिचा चेहरा असा झाला होता की तिच्या हाताखाली मी नाहीच. मी हलले नाही. श्वाससुद्धा जपून घेतला, कारण माझा श्वास तिला लागला असता तर तिला कळलं असतं की हा गाल दुसऱ्या कुणाचा आहे.

ती गेल्यावर मी तोंड धुतलं. बोटांना गालावर खळगे लागले. आरशात काही नव्हतं. पुढे कित्येक दिवस हे चाललं. ह्यांना सांगितलं नाही, चष्म्यावर आले असते.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः आगगाडीनं मळवलीला गेले. फोटो द्यायला घरी जायची आमची पद्धत नव्हती, पण मला पोर बघायची होती. भातं पोटरीला आली होती आणि डोंगर निम्मा धुक्यात होता. बंगला बंद. मालक वर्षातून एकदा येणार. पारूबाई मला मधल्या दिवाणखान्यातून मागे घेऊन गेली. खुर्च्यांवर चादरी, भिंतीवरच्या मोठ्या आरशावरही चादर. "पोर आरशात बगून रडती," ती म्हणाली. "म्हनती, मला बी तसलंच गुळगुळीत तोंड हाय."

सुली पडवीत पाट्याजवळ बसली होती. पाट्यावर पालथा हात. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर फोटो धरला.

तिनं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "आई."

पारूबाईनं पदर तोंडात धरला. मलाही वाटलं, झालं. पण पोरीनं बोट पुढे केलं, फोटोतल्या गालावर ठेवलं आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली आणि हात ओढून घेऊन परत पाट्यावर ठेवला.

आमच्या धंद्यात फोटोवर बोटाचा ठसा उमटला तरी आम्ही कपाळाला हात लावतो. मी अंबाड्यातला आकडा काढला. पारूबाईच्या गोधडीची घडी करून तिच्यावर फोटो ठेवला. एक हात माझ्या स्वतःच्या गालावर धरला. कुठे मोठा, कुठे जोडीनं दोन, कुठे कानाकडे बारीक, ते मला आता कुणाला विचारावं लागत नव्हतं. बोटाला जिथे खळगा लागेल तिथे आकड्याच्या गोल टोकानं मी कागद दाबत गेले. चमकदार कागदात खळगे पडत होते. फोटोची नासाडी चालली होती आणि माझ्या हातून इतकं मन लावून काम त्याआधी कधी झालं नव्हतं. माझं काम पुरं होईतो सुली माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही.

तिनं पुन्हा बोट ठेवलं. एका वणावरून दुसऱ्यावर. ओठाच्या कोपऱ्यापाशी थांबली. मग फोटो छातीशी धरून पाट्यापासून लांब, आजीच्या मांडीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं आजीला म्हणाली, "भाकर दे." पारूबाई उठेना, रडत होती, म्हणून भाकरी मीच आणून दिली.

निघताना पारूबाईनं तो जुना फोटो माझ्या हातात दिला. हार काढून, काच पुसून. "हिला जाळीत न्हाई. पन हितं नगो. तुमचीच हाय, तुमीच न्या."

मी तसबीर पिशवीत घालणार तेवढ्यात सुलीनं मान वर केली. तोंडात भाकरीचा घास होता. ती त्या गुळगुळीत गालांच्या बाईकडे बघत होती आणि या वेळी तिला भीती वाटत नव्हती. उलट कुणी एकटंच राहिलंय म्हणून वाईट वाटावं, तसं बघत होती.

"मंग ही कुनाची आई?" तिनं विचारलं.

स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. प्लेटा भंगारात गेल्या, हेही गेले. तो फोटो माझ्या टेबलावर आहे. सर्वपित्रीला मी ह्यांच्या फोटोला फूल वाहते, तेव्हा एक तिलाही वाहते. तिला दुसरं कुणी नाही.